रिकाम्या शेताचं वजन

ज्या तालुक्यात हे घडलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. बिदर जिल्ह्याच्या कडेचा तालुका, तिथून भालकीला आणि उदगीरला बस जाते, एवढं पुरे. माणसांची नावंही लिहिणार नाही. त्यांतली काही हयात आहेत, आणि त्यांना माझ्यामुळे झाला तेवढा त्रास खूप झाला.

मी आकडेवारी खात्यात नोकरीला होतो. हैदराबाद संस्थान होतं तेव्हा कचेरीत कारकून म्हणून लागलो, पुढे राज्य बदललं, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो. उर्दूतले तक्ते गेले, कानडीतले आले, आणि तिशीत मी नव्याने अक्षरं गिरवली. कोष्टकं मात्र तीच राहिली. कोणत्या गावात, किती जमिनीत, काय पिकलं.

हे कळायची एक पद्धत होती. हंगामाच्या आधी वरून यादी येई. कुठल्या गावात कुठल्या सर्व्हे नंबरात पीक कापून पाहायचं, ते त्या यादीत ठरलेलं असे. आम्ही त्या शेतात जायचं, दोरीने लांबट चौकोन आखायचा, त्यातलंच पीक कापायचं, मळायचं, उफणायचं आणि तोलायचं. दाणे शेतकऱ्याला परत, वजन आमच्या वहीत. वहीतून तालुक्याला, तालुक्यातून बिदरला, तिथून बेंगळुरूला, तिथून दिल्लीला. नियम एकच होता आणि तो कडक होता. शेत आपण निवडायचं नाही. यादीतल्या शेतात पीक करपलं असेल, गेलं असेल, तरी शेत बदलायचं नाही. त्या नंबरासमोर शून्य लिहायचं.

तालुक्याच्या गावी मराठी शाळेत एक गुरुजी होते. बौद्ध. राज्य बदललं त्याच सुमाराला त्यांच्या वस्तीने दीक्षा घेतली होती. ते मला म्हणायचे, "साहेब, त्या वर्षी तुम्ही राज्य बदललं आन् आम्ही धर्म. बघू, कुणाचं भलं होतंय." हे ते हसत म्हणत, पण मनात त्यांनी ते खरंच मोजायला घेतलं होतं. आठवीच्या वर्गात मागच्या भिंतीला त्यांनी एक लाकडी फळी ठोकली होती. तिच्यावर दरसालाचे दोन खिळे, आणि खिळ्यांवरून ओढलेले लोकरीचे दोन दोरे. हिरवा आपल्या देशाचा, तांबडा जपानचा. देश एका वर्षात जेवढं पिकवतो, बनवतो, घडवतो, त्या सगळ्याच्या बेरजेचे हे दोरे होते.

जपानच का, असं मी सुरुवातीलाच विचारलं होतं. ते म्हणाले, "ते बी बुद्धाचेच न्हाईत का? आन् लढाईत बेचिराख झालेले. म्हणजे आमच्यासारखेच. शून्यातनं उठायलेत." मग म्हणाले, "बाकी त्यांच्यात आन् आपल्यात काहीच सारखं न्हाई, हे मला ठाव हाय. बेटं कुठं, आपली काळी माती कुठं."

दोन देशांचे आकडे वेगवेगळ्या नाण्यांतले, मग ते शेजारी कसे मांडायचे, हे त्यांना अडत होतं. ते मी शिकवलं. दोघांचंही पहिल्या वर्षाचं उत्पन्न शंभर धरायचं, म्हणजे दोन्ही दोरे एकाच खिळ्यावरून निघतात. कोण किती मोठा आहे ते सोडून द्यायचं, तिथून पुढे कोण किती वाढला तेवढंच दिसतं. हे ऐकून ते एखाद्या पोरासारखे खूश झाले. दर वर्षी आमच्या कचेरीत नवं आकडेवारीचं पुस्तक आलं की शाळा सुटल्यावर येत, समोरच्या बाकावर बसून आकडे उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी मुलांसमोर खिळे ठोकत.

पहिली दोन-तीन वर्षं दोरे जवळजवळ होते. मग तांबडा निघाला. काही वर्षांत तो फळीच्या वरच्या कडेला टेकला, तेव्हा गुरुजींनी वर आणखी एक फळी जोडली. हिरवा वर चढत होता, पण थकलेल्या माणसासारखा, मधे मधे बसत. मुलांना त्याचं वाईट वाटे. गुरुजी त्यांना सांगायचे की आपल्या दोऱ्यात माणसं जास्त आहेत, म्हणून तो जड आहे.

त्यांचा धाकटा भाऊ गावी शेती करायचा. दोन-अडीच एकर कोरडवाहू, घरात सगळ्यांत आधी त्याच्याच पिढीने स्वतःची म्हणून कसलेली. एकदा तो तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन शाळेत आला होता आणि मीही तिथे होतो. फळीपुढे कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "अण्णा, बुद्ध तिकडं मोटारी करायलाय आन् हितं आमच्याकडनं ढेकळं फोडून घ्यायलाय. एवढा दुजाभाव कामून करायलाय त्यो?"

गुरुजी म्हणाले, "तू पोतंभर जास्त पिकीव, मी खिळा वर ठोकतो."

"मी पिकिवल्यालं हितवर येतंय व्हय?"

गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं. "येतंय की. ह्यांच्या हातनं येतंय."

भावाने माझ्याकडे पाहून हात जोडले, थोडे थट्टेने, थोडे खरे. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी किंवा नंतर कधी वाटला नाही.

मग तो दुष्काळ आला, ज्याची आठवण आमच्या भागात अजून कुणाला करून द्यावी लागत नाही. त्या वर्षीच्या रब्बी ज्वारीच्या यादीत गुरुजींच्या गावचा जो सर्व्हे नंबर निघाला तो त्यांच्या भावाचा होता. हे त्यांना गावातून कळलं आणि ते कचेरीत आले. बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, धाकल्याच्या शेतात काही न्हाई. पेरलं, गुडघ्याएवढं आलं आन् जळालं. तुम्ही येणार हाव, डोळ्यांनी बघणार हाव. कमी करून लिहा म्हणायला आलो न्हाई. हाय तेवढं लिहा."

त्यांना काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. त्या वजनांवरूनच गावाची आणेवारी, म्हणजे रुपयात किती आणे पीक आलं ते, ठरत होती, आणि आणेवारी खाली गेली तरच गावात दुष्काळी काम निघणार होतं. काम निघालं तर वस्ती गावात राहणार होती. नाही निघालं तर बिऱ्हाडं पाठीवर घेऊन जाणार होती. मी म्हणालो, निश्चिंत राहा गुरुजी.

कापणीच्या दिवशी मी, गावचा पटवारी आणि दोन गडी असे शेतावर गेलो. भाऊ आधीच येऊन उभा होता. त्याने आमच्यासाठी खुंट्या तासून ठेवल्या होत्या. शेतात गुडघ्याएवढी वाळकी धाटं होती, एकाही धाटाला कणीस नव्हतं. बांधापलीकडे पाटलाची विहीर होती आणि त्या विहिरीवर भिजलेली ज्वारी पुरुषभर उंच उभी होती.

पटवारी हसून म्हणाला, "साहेब, हितं काय कापायचं, माती? अन् शून्य लिवलं की बिदरहून कागद परत येतोय, पुन्यांदा जाऊन बघा म्हून. बांध तर एकच हाय. चला पलीकडं. जेवणाचं बी पाटलानं सांगून ठिवलंय."

शून्य लिहिलेले कागद परत येत, हे खरं होतं. वरच्या साहेबांना शून्य आवडत नसे. त्यांच्या हिशेबी शून्य म्हणजे आम्ही शेतावर गेलोच नाही. म्हणून आमच्यातल्या बहुतेकांनी एक सोय करून घेतली होती. शेत रिकामं असलं की शेजारच्या उभ्या पिकात दोरी धरायची आणि नंबर यादीतलाच लिहायचा. याला आम्ही चूक म्हणत नव्हतो. कापायला गेलेल्याने काहीतरी कापलंच पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटत होतं. आजवर मी स्वतःला हेच कारण सांगत आलो. पण आज खरं लिहायचं तर त्यामागे आणखी एक कारण होतं.

आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या शेतात कापणी, त्याच्याकडे कापणाऱ्यांचं जेवण. भावाच्या शेतात दोरी धरली असती तर मला त्याच्याकडे जेवावं लागलं असतं. गुरुजींशी माझी मैत्री होती, पण ती बाकावरची आणि फळीपुढची. त्यांच्या घरचं पाणी मी कधी प्यायलो नव्हतो, आणि त्यांनीही कधी देऊ केलं नव्हतं, कारण त्यांना कळत होतं. त्या दिवशी पटवाऱ्याच्या आणि गड्यांच्या समोर त्या वस्तीतली भाकरी खायची, आणि ती बातमी संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचायची, याची मला भीती वाटली. बिदरहून परत येणाऱ्या कागदापेक्षा ही भीती मोठी होती.

भाऊ बांधावर आडवा आला. "साहेब, तिकडं कामून चाललाव? नंबर माझा हाय."

मी म्हणालो की जमीन एकाच पट्ट्यातली आहे, चालतं.

"चालतंय कसं? ज्वारी त्येची आन् नंबर माझा?"

मी गड्यांना दोरी उचलायला सांगितलं. पटवारी त्याला म्हणाला की तुझंच नाव वहीत मोठं होतंय, तुला काय जड जायलंय. गडी हसले.

पाटलाच्या ज्वारीत आम्ही दोरी धरली. दाणे टपोरे होते. विहिरीवरच्या झाडाच्या सावलीला जेवलो आणि परत निघालो तेव्हा भावाची बायको त्यांच्या बांधावर उभी होती. डोक्यावरची दुरडी तिने खाली उतरवून फडक्याने झाकून ठेवली होती. चौघांचं जेवण होतं ते. त्या दिवसांत तिने पीठ कुठून आणलं असेल ते मी तेव्हा विचारात घेतलं नाही.  मी तिच्याकडे न बघता पुढे गेलो.

गावाची आणेवारी वर राहिली. काम शेजारच्या गावांत निघालं, या गावात नाही. मी एकट्याने लिहिलेल्या एका वजनाने हे झालं असं कुणी म्हणणार नाही. गावात आणखी नंबर होते, आणि ते कसे भरले तेही मला ठाऊक आहे. महिन्याभरात वस्तीतली निम्मी घरं बंद झाली. भाऊ बायकोला आणि लहान मुलीला घेऊन हैदराबादच्या बाजूला दगडाच्या खाणीवर गेला.

इथवरचं एवढंच असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. असं करणारा मी एकटा नव्हतो.

पुढच्या वर्षी गुरुजी नेहमीप्रमाणे आकडे उतरवायला आले. आपल्या जिल्ह्याच्या ज्वारीचा आकडा पाहून ते गोंधळले. इतकी पिकली कुठे, म्हणाले. मग त्यांनी आमची कापणीची वही मागितली. ती मी द्यायला नको होती, पण नाही म्हणालो असतो तर त्यांना संशय आला असता. त्यांनी पानं उलटली आणि भावाच्या सर्व्हे नंबरावर बोट ठेवलं. समोर वजन होतं. चांगल्या सालात असतं तसं.

"साहेब, हे धाकल्याच्या शेताचं हाय?"

मी म्हणालो, "हो."

"तुम्ही सोता तोललाव?"

"हो."

त्यांनी तो आकडा बोटाखाली धरून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मग त्यो खोटं बोलला व्हय मला?"

या ठिकाणी मला एक वाक्य बोलायचं होतं. ते सोडून मी दुसरं बोललो. मी म्हणालो, "गुरुजी, शेतकरी सांगतात तसं नेहमीच नसतं." हे मी अगदी समजुतीच्या सुरात म्हणालो.

त्या माणसाचा छापील आकड्यावर विश्वास होता. लहानपणापासून गावात कोण काय म्हणतं यावर त्यांचं आयुष्य ठरत आलं होतं. आकडा मात्र तोललेला असतो, तो कुणाचं तोंड बघून बदलत नाही, म्हणून तर त्यांनी ती फळी ठोकली होती. भावाचा शब्द आणि वहीतलं वजन यांत त्यांनी वजन निवडलं. बुद्ध पौर्णिमेला भाऊ खाणीवरून गावी आला तेव्हा विहारात सगळ्या वस्तीसमोर गुरुजींनी त्याला विचारलं, की शेतात पिकलेलं धान्य कुणाला विकून वस्तीला दुष्काळ सांगत होतास. तुझ्या खोटेपणामुळे आपण सगळे लबाड ठरलो, असंही म्हणाले. भाऊ म्हणाला, साहेबांनी पाटलाची ज्वारी तोलली. गुरुजी म्हणाले, साहेब खोटं लिहिणार नाहीत. भावजय मधे पडली तर तिलाही ते चोराची बायको म्हणाले. हे सगळं मला त्यांनीच पुढे सांगितलं, एकही शब्द न गाळता.

त्यानंतर दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. भाऊ खाणीवर दहा-अकरा वर्षं होता. दगडाची धूळ छातीत बसली, आणि खोकत परत आला तेव्हा तो मोठ्या भावापेक्षा म्हातारा दिसत होता. मी निवृत्त झालो होतो. बाजारात तो एकदा मला दिसला. त्याने मला ओळखलं आणि वाट सोडून बाजूला झाला, जशी त्याच्या आजोबाने माझ्या आजोबाला सोडली असती.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी गुरुजींच्या घरी गेलो. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत बसलो. ते म्हणाले, "भावजयीनं खांदा देऊ दिला न्हाई साहेब. मागं मागं चालत गेलो." मी तेव्हा सांगितलं. पटवारी, पाटलाची विहीर, जेवण, सगळं. माझ्या भीतीचंही सांगितलं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते वेगळंच. म्हणाले, "जपानात बी कुणी असंच लिहिलं असंल का?"

मला माहीत नव्हतं. तसं मी म्हणालो.

"म्हणजे एवढी वर्षं मी पोरांना काय दावलं?" ते म्हणाले. "तिकडं किती पिकलं ते बी ठाव न्हाई. हितं किती पिकलं ते बी ठाव न्हाई. आन् मी दोन्हींमधलं अंतर मोजत बसलो." मग त्यांनी मागणं मागितलं. "हे लिहून द्या साहेब. मला नको. तिला द्या. मी तोंडानं सांगितलं तर ती म्हणंल, आता मेल्यावर बोलायलाव. कागद पाहिजे."

मी देतो म्हणालो. आणि दिला नाही. सरकारी वहीत खोटं लिहिल्याचं स्वतःच्या अक्षरात कबूल केलं तर पेन्शन बंद होईल, हे एकदा मनात आलं आणि तिथेच बसलं. चार वर्षं बसलं. गुरुजींनी परत कधी विचारलं नाही. भेटले की शाळेचं, पावसाचं बोलत. त्यांच्या भिंतीवरच्या फळ्या शाळेने नव्या इमारतीत नेल्या नाहीत, असं एकदा सांगत होते. पाचव्या वर्षी ते गेले. त्यांच्या मयताला भावजय आली नव्हती.

त्यानंतर मी इथवरचं लिहिलं, आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गावी घेऊन गेलो. भावजय आता मुलीकडे असते, पण त्या दिवसांत गावी होती. वाचता येत नाही म्हणाली. दारात उभ्यानेच मी वाचायला लागलो, तर तिने हाताने थांबवलं. "मला कामून सांगायलाव? मला तर आधीपासनं ठावंच हाय. ज्यांच्या म्होरं थोरल्यांनी माझ्या माणसाला चोर म्हटलं, त्यांच्या म्होरं वाचा."

त्यांतली निम्मी माणसं राहिली नव्हती. पण पुढच्या पौर्णिमेला मी विहारात गेलो. साठ-सत्तर माणसं असतील, बरीचशी तरुण, ज्यांनी भावाला पाहिलंही नसेल. चष्मा लावून सगळं वाचलं. जेवणाचंही गाळलं नाही. भावजय बायकांमध्ये भिंतीला टेकून बसली होती आणि माझ्याकडे नाही, लोकांकडे बघत होती. कोण ऐकतंय, कोण नाही, हे ती तपासत असावी.

वाचून झाल्यावर मला वाटलं संपलं. तेवढ्यात मागून एक म्हातारा उठला. त्याचं शेत मला अंधुक आठवलं, ओढ्याच्या पलीकडचं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हे एका नंबराचं झालं. बाकीच्यांचं?"

मी म्हणालो की इतक्या वर्षांचं सगळं आठवणार नाही.

"आठवतंय तेवढं सांगा," तो म्हणाला. "आमच्यातलं आणखी कोण लबाड ठरलं ते कळू द्या."

समोरच्या एका पोराने वही काढली. मी खाली बसलो आणि आठवेल तसे नंबर सांगायला लागलो. पहिला त्या म्हाताऱ्याचाच होता.